सिंहगडाचा चढ आणि ३९-२५चा गिअर : एका सायकलस्वाराच्या गुडघेदुखीचे प्रकरण

पुण्यातील ज्या गटाबरोबर मी गेली अनेक वर्षे रविवारी पहाटे सायकल चालवतो, त्या गटातील एका सभासदाचे हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने, परंतु नाव न देता मी ते मांडत आहे, कारण त्यांना झालेला त्रास आणि त्यावर त्यांना मिळालेला चुकीचा सल्ला या दोन्ही गोष्टी घाटात सायकल नेणाऱ्या अनेकांच्या वाट्याला येतात. गृहस्थ ४७ वर्षांचे, वजन ७६ किलो, नोकरी बैठी. वर्षभरात चार हजार किलोमीटरच्या आसपास सायकल चालवतात. सायकल रोड प्रकारची, त्यांनी शर्यतीत भाग घेणाऱ्या एका तरुणाकडून जुनी घेतलेली. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चेनरिंग, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकत्या; मागच्या चाकावर १२ ते २५ दातांची, दहा चकत्यांची कॅसेट. पुढची चकती जितकी लहान आणि मागची जितकी मोठी, तितका गिअर हलका. म्हणजे चढासाठी त्यांच्याकडे असलेला सर्वांत हलका गिअर पुढे ३९ आणि मागे २५ हा होता.

तक्रार अशी, की सिंहगडाच्या चढाचा शेवटचा तिसरा भाग सुरू झाला की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ती कळ पुन्हा जाणवे. डॉक्टरांनी तपासून सूज किंवा इजा नसल्याचे सांगितले आणि गुडघ्यावरचा ताण कमी करण्यास सुचवले. तो कमी कसा करायचा, हे मात्र सायकलच्या जाणकारांनी सांगायचे होते, आणि तेथेच गोंधळ झाला. गटातील काहींनी पायांत ताकद नाही असे ठरवून व्यायामशाळेचा रस्ता दाखवला. इतरांनी कॅडेन्स, म्हणजे पेडलचे दर मिनिटाला होणारे फेरे, ९० ठेवण्यास सांगितले. हा सल्ला इतक्या ठिकाणी वाचायला मिळतो, की त्याबद्दल कोणालाच शंका आली नाही. गृहस्थांनी सपाट रस्त्यावर दोन आठवडे ९०चा सराव केला, तो त्यांना जमलाही; पण सिंहगडाच्या पायथ्याशी गोळेवाडीच्या नाक्यापुढे चढ लागताच फेरे पुन्हा चाळिशीवर आले. आपलेच काही चुकते आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. ती समजूत दूर करणे हे मला या प्रकरणातील पहिले काम वाटले.

एका रविवारी मी संपूर्ण चढ त्यांच्या मागे राहून केला. पहाटेचा अंधार होता, त्यामुळे त्यांच्या सीटखालचा लाल दिवा स्पष्ट दिसत होता, आणि माझ्या लक्षात आले की तो दिवा एका गतीने पुढे जात नाही. तो पुढे सरके, क्षणभर जवळजवळ थांबे, पुन्हा सरके. पेडल उभ्या रेषेत आले, म्हणजे एक पाय वर आणि दुसरा खाली अशी स्थिती आली, की सायकलची गती मोडे, आणि पुढच्या पायाचा दाब आला की ती पुन्हा धक्क्याने सुरू होई. तीव्र वळणांवर ते हँडल दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत होते, खांदे डावी-उजवीकडे झुलत होते आणि चाक रस्त्यावर नागमोडी जात होते. मी घड्याळ लावून फेरे मोजले. साध्या चढावर ४२-४३ भरले. एका वळणावर ३१. त्यांच्या श्वासाचा आवाज मात्र फारसा वाढलेला नव्हता. ते दोनदा थांबले, दोन्ही वेळा पाय भरून आले म्हणून. धाप लागली म्हणून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जेथे दम शिल्लक असताना पाय संपतात, तेथे प्रथम गिअरकडे पाहावे असा माझा अनुभव आहे.

दुसरा धागा त्यांच्याच बोलण्यातून मिळाला. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट त्यांनी अनेकदा केला होता आणि तेथे गुडघा कधीच दुखला नव्हता, जरी तो घाट सिंहगडाच्या चढापेक्षा लांब आहे. गुडघा मुळातच अधू असता तर लांब घाटात तो अधिक दुखायला हवा होता. पसरणीचा चढ साधारण चार-पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर चार-पाच मीटर वर नेणारा. सिंहगडाचा चढ गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटर आणि सुमारे ६०० मीटर उंचीचा; सरासरी सात टक्क्यांच्या आसपास, काही वळणांवर दहाच्या पुढे. दुखणे अंतराशी जोडलेले नसून तीव्रतेशी जोडलेले आहे, हे येथे दिसले.

गिअरला हात लावण्यापूर्वी सीटची उंची तपासणे आवश्यक होते, कारण सीट खाली असली की पेडल वरच्या टोकाला येताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. त्यांची सीट थोडी खाली होती. ती १२ मिलिमीटर वर घेतली. दोन बदल एकाच दिवशी केले तर गुण कशाचा आला हे कळत नाही, म्हणून तीन आठवडे दुसरे काहीही बदलले नाही. सपाट रस्त्यावरील बारीक अस्वस्थता गेली. सिंहगडावरची कळ थोडी उशिरा सुरू होऊ लागली, पण राहिली.

त्यानंतर हिशोबाला बसलो. हा हिशोब कोणालाही करता येतो, आणि मी तो येथे पूर्ण देतो, कारण सल्ल्यापेक्षा तो अधिक उपयोगी आहे. त्यांच्याकडे वॅट मोजणारे यंत्र नव्हते. परंतु थांबे वगळून चढाला ६२ मिनिटे लागत होती; माणूस, सायकल, पाणी आणि सामान मिळून वजन ८८ किलो होते. एवढे वजन एवढ्या वेळात ६०० मीटर वर नेण्यास सुमारे १३९ वॅट लागतात. टायरचे घर्षण, हवेचा थोडा विरोध आणि साखळीतील तूट धरली तर पायांतून निघणारी शक्ती १६० वॅटच्या जवळपास येते. सत्तेचाळिशीतील हौशी सायकलस्वारासाठी तासभर १६० वॅट यात लाजण्यासारखे काहीही नाही, हे मी त्यांना आवर्जून सांगितले.

आता १६० वॅट आणि ८८ किलो हे दोन आकडे ठरले की सात टक्क्यांच्या चढावर वेग आपोआप ठरतो : ताशी सुमारे ८.४ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १३९ मीटर. २५ मिलिमीटरच्या टायरसह चाकाचा घेर २.१०५ मीटर होतो. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.२८ मीटर जाते. १३९ला ३.२८ने भागले की उत्तर येते ४२. दहा टक्क्यांच्या वळणावर वेग ताशी सहा किलोमीटरवर उतरतो आणि त्याच रीतीने फेरे येतात ३१. मी मागून मोजलेले आकडे आणि कागदावरचे आकडे जुळले, तेव्हा गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. त्या गिअरवर, त्या चढावर ९० फेरे मारायचे असतील तर त्यांना आपल्या शक्तीच्या दुप्पटीहून अधिक शक्ती लावावी लागली असती. कॅडेन्स ही घाटात मनाने पाळायची शिस्त नाही. शक्ती, वजन, चढ आणि गिअर या चौघांचा भागाकार जे देईल तेच ती असते, आणि या चौघांपैकी एका संध्याकाळी बदलता येण्याजोगा फक्त गिअर असतो.

गुडघ्यावर याचा परिणाम काय होतो तेही त्याच कागदावर दिसते. शक्ती तीच ठेवून फेरे कमी केले की प्रत्येक फेऱ्यातला जोर त्या प्रमाणात वाढतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर, १६० वॅट देताना ४२ फेऱ्यांना पेडलवर सरासरी २२ किलोभार इतका जोर लागतो, ३१ फेऱ्यांना तो ३० किलोभारापर्यंत जातो. ही संपूर्ण फेऱ्याची सरासरी आहे. पाय क्रँकच्या आडव्या स्थितीतून खाली जाताना जोराचा कळस साधारण याच्या दुप्पट असतो. म्हणजे त्या वळणांवर ७६ किलोचे गृहस्थ सीटवर बसून एका पायाने ६० किलोचा दाब देण्याचा प्रयत्न करत होते. ते हँडल का ओढत होते, याचे उत्तर यात आहे : शरीर सीटवरून उचलले जाऊ नये म्हणून. पसरणीत पाच टक्के धरले तर त्याच गिअरवर त्यांचे फेरे ५६-५७ येतात, आणि गुडघा तेथे गप्प का राहत होता, हेही उलगडते.

९०चा आकडा येतो कोठून, हे पाहणेही न्याय्य ठरेल. ६५ किलोचा व्यावसायिक शर्यतपटू किलोमागे सहा वॅट देऊन हाच सात टक्क्यांचा चढ चढला, तर त्याचा वेग ताशी बावीस किलोमीटर येतो. पुढे ३९ आणि मागे २१ दात ठेवून त्याचे फेरे ९४ होतात. त्याला ३९-२५ची गरजच अपवादाने पडते. ती सायकल ज्या दातांसह विकली गेली, ते दात अशा पायांसाठी योग्य होते. प्रयोगशाळेतील निष्कर्षही ९०चा सरसकट आग्रह धरत नाहीत. प्राणवायूचा खर्च पाहिला तर कमी शक्तीला ५० ते ७० फेऱ्यांच्या आसपास तो सर्वांत कमी असतो आणि शक्ती वाढत जाईल तसा हा स्वस्त पट्टा वर सरकतो. तरी तयारीचे सायकलस्वार स्वतःहून ८० ते १०० निवडतात, कारण त्यामुळे प्रत्येक फेऱ्यातला जोर हलका राहतो आणि पाय उशिरा थकतात. समान श्रमाला ५० फेऱ्यांवर वेगवान, लवकर थकणाऱ्या स्नायुतंतूंमधील साखरेचा साठा १०० फेऱ्यांच्या तुलनेत अधिक संपतो, असेही आढळले आहे. थोडक्यात, फेरे वाढवले की भार पायांकडून श्वासाकडे जातो, आणि ज्याच्याकडे जे शिल्लक आहे त्याने ते वापरावे. आमच्या गृहस्थांकडे श्वास शिल्लक होता.

हलका गिअर लावणे त्यांना सुरुवातीला मनातून कमीपणाचे वाटत होते, आणि ही भावना जुनी आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्ये लिहिले होते की बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांसाठी आहेत, खऱ्या सायकलस्वाराने स्नायूंच्या बळावर जिंकावे. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला, परवानगी १९३७ मध्ये मिळाली. आज सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या, व्यावसायिक संघांसाठी बनणाऱ्या सर्वांत वरच्या संचातही मागे ३४ दातांची कॅसेट मिळते. हे सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "मी तर सत्तेचाळीसचा आहे, म्हणजे देग्रांजसाहेबांचीही हरकत नाही." तेथून पुढे काम सोपे झाले.

आम्ही लक्ष्य असे ठरवले, की सात टक्क्यांवर फेरे ६०च्या खाली जाऊ नयेत आणि दहा टक्क्यांवर ४५च्या खाली जाऊ नयेत. पहिला विचार केवळ मागची कॅसेट बदलण्याचा होता, पण त्यांच्या मागच्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे साखळी ताणून धरणारा भाग, लहान होता आणि त्याची मर्यादा २८ दातांची होती, आणि ३९-२८ने सात टक्क्यांवर फेरे जेमतेम ४७ झाले असते. पुढची ३९ची चेनरिंग काढून ३४ बसवावी म्हटले, तर जुन्या क्रँकचे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर होते आणि त्यावर ३८पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. त्यामुळे क्रँक बदलून ५०-३४चा कॉम्पॅक्ट संच घेतला. ३४-२८ने फेरे ५४ येत होते, ३४-३२ने ६२. दहा टक्क्यांवर हाच गिअर ४५ देतो. म्हणून मागे ११ ते ३२ची कॅसेट, तिच्यासाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि लांबीला नवी साखळी. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक १६ दात, मागचा २१, असा एकूण ३७ दातांचा ढिलेपणा ओढून धरणे जुन्या डिरेलरला शक्य नव्हते. खर्च वाढला, आणि केवळ कॅसेट आणून बसवली असती तर मोठ्या चकतीवर साखळी ताणली जाऊन डिरेलर मोडण्याचा धोका होता, हे दुरुस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी माहीत असणे बरे.

त्यांची एक शंका रास्त होती : पुढे ५३ऐवजी ५० झाले तर उतारावर आणि महामार्गावर वेग कमी पडेल का? ५३ला १२ने भागले तर ४.४२ येतात आणि ५०ला ११ने भागले तर ४.५५. नव्या संचाचा सर्वांत जड गिअर जुन्यापेक्षाही किंचित जड निघाला. ९० फेऱ्यांना तो ताशी सुमारे ५२ किलोमीटर देतो. गमावले ते वेगळेच. जुन्या कॅसेटमध्ये १२ ते १७ पर्यंत एकेका दाताची पायरी होती. नव्या कॅसेटमध्ये १४ नंतर थेट १६ येते. १६वर ९० फेरे चालू असताना १४वर गेले की ते ७९वर येतात, मधला १५चा थांबा राहत नाही. गटात दुसऱ्याच्या चाकामागे ठरावीक वेग राखताना हे खटकते, आणि सपाटीवर शर्यत खेळणाऱ्याला मी ही कॅसेट सुचवणार नाही. आमच्या गृहस्थांच्या वापरात घाटाचे पारडे जड होते.

पहिल्या रविवारी एक चूक झाली. गोळेवाडीनंतर चढ चांगलाच सुरू झाल्यावर, पायांचा पूर्ण जोर पेडलवर असताना त्यांनी ५०वरून ३४वर उतरण्याचा प्रयत्न केला आणि साखळी आतल्या बाजूला पडली. १६ दातांची ही उडी मोठी असते. त्यानंतर त्यांनी नाक्याच्या आधीच, रस्ता अजून सौम्य असताना, क्षणभर जोर कमी करून पुढची चेनरिंग बदलायची आणि त्याच वेळी मागे दोन पायऱ्या जड करायच्या, म्हणजे पाय रिकामे फिरत नाहीत, अशी सवय लावून घेतली. फ्रेमला साखळी अडवणारी छोटी पट्टीही बसवली. उभे राहून चालवण्याचेही तसेच : उभे राहण्यापूर्वी मागे एक-दोन पायऱ्या जड केल्या नाहीत, तर शरीराच्या वजनाने पेडल एकदम खाली जाते आणि लय तुटते.

दोन महिन्यांनंतरची नोंद अशी आहे. चढाचा वेळ ६२ मिनिटांवरून ६० मिनिटांवर आला. हा फरक लहान आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण गिअर बदलल्याने शक्ती वाढत नाही. मात्र दोन थांबे गेले, त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा एकूण वेळ दहा-बारा मिनिटांनी कमी झाला. सरासरी फेरे ६७ भरले. नऊ किलोमीटरसाठी पूर्वी ते सुमारे २,७४० वेळा पेडल फिरवत होते, आता सुमारे ४,०२० वेळा फिरवतात, आणि प्रत्येक वेळी लागणारा जोर एक तृतीयांशाने कमी असतो. हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा मिनिटाला चार-पाचने जास्त राहतात; पहिल्या काही रविवारी त्यांना धाप अधिक लागली आणि आपण मागे तर जात नाही ना, अशी शंकाही आली. ती तीन-चार आठवड्यांत ओसरली. गुडघा चढावर दुखला नाही, दुसऱ्या दिवशी जिन्यावरही नाही. सीटच्या उंचीचाही यात वाटा आहे आणि एका माणसाच्या अनुभवावरून सर्वांच्या गुडघ्यांबद्दल काही सांगता येत नाही. परंतु केवळ सीट बदलून कळ गेली नव्हती, हे आम्ही तीन आठवडे थांबून पाहिले होते.

सपाट रस्त्याबाबत एक छोटी दुरुस्ती केली. पूर्वी ताशी २५ किलोमीटरला ते ५३-१७ वापरून ६३ फेऱ्यांनी जात असत, आणि ९०च्या सल्ल्यानंतर सीटवर उसळत ९०ने. या वेगाला त्यांना ११० वॅटच्या आसपास शक्ती लागते आणि तेवढ्यासाठी ९० फेऱ्यांची गरज नाही. आता ५०-२०वर ते ७९ फेऱ्यांनी, शरीर न हलवता जातात. सपाटीवर गतीचा साठा असल्याने पेडल स्वतःहून पुढे फिरते. चढावर तो साठा नसतो आणि प्रत्येक फेऱ्याचे वरचे टोक ढकलून पार करावे लागते. म्हणून सपाटीवर कमावलेले ९० घाटात कामाला येत नाही, आणि सपाटीवरचे ७९ आणि सिंहगडावरचे ६७ हे दोन्ही आकडे एकाच माणसासाठी बरोबर असू शकतात.

दहा टक्क्यांची वळणे अजूनही त्यांना जड जातात. तेथे ते ४५ फेऱ्यांवर येतात आणि पन्नास-साठ मीटर उभे राहून काढतात. याहून हलके हवे असेल तर पुढे ४६-३०चा संच आणि मागे ३४ दात हा मार्ग आहे. त्याने तेथे ५४ फेरे मिळतील, पण वरच्या बाजूचा वेग कमी होईल आणि क्रँक पुन्हा बदलावा लागेल. त्यांनी सध्या तो खर्च टाळला आहे. साखळी पुढच्या वेळी झिजेल तेव्हा गुडघ्याकडे पाहून ठरवू, असे आमचे बोलणे झाले आहे, आणि तोपर्यंत त्या वळणांआधीच्या सौम्य तुकड्यात थोडा दम राखून ठेवायचा, एवढेच त्यांनी पाळायचे आहे.